परमुलखातल्या बाई



गुरुपौर्णिमा आठ दिवसांवर आली. शिर्डीच्या रस्त्याला पालख्या दिसायला लागल्या आहेत, हार-फुलांचं काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना मान वर करायला सवड नाही. अशा दिवसांत आज आम्ही दोन बाईंविषयी बोलणार आहोत. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. एक समुद्रापलीकडून आपल्या नगरला शिकवायला आल्या. दुसरी आपल्या राहात्यातून समुद्रापलीकडे शिकवायला गेली. दोघींमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे.

दुसरीचं आधी सांगतो, कारण तिचं प्रकरण कर्जाचा अर्ज होऊन आमच्यासमोर आलं.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी. इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. केलं, दोन वर्षं इथल्याच एका खासगी शाळेत शिकवत होती. पगार एवढा की सांगायला लाज वाटावी. तिला एक एजंट भेटला. थायलंडमध्ये इंग्रजीच्या शिक्षिका हव्यात, म्हणाला, १ लाख ८० हजार भरा, आधी पर्यटक म्हणून विमानात बसा, तिथं गेल्यावर व्हिसा बदलून देऊ. ताईंनी गळ्यातलं मोडायचं ठरवलं आणि उरलेले १ लाख गटाकडे मागितले.

आमच्या गटात ११ जणी आहेत, महिना २०० रुपये बचत. म्हणजे एजंट मागत होता ती आमची जवळजवळ सात वर्षांची बचत झाली. त्या बैठकीत चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही. एक जण म्हणाली, शेळीला कर्ज देतो तेव्हा शेळी डोळ्यासमोर असते, इथं काय दिसतंय? दुसरी म्हणाली, मुलगा असता तर एवढं विचारलं असतं का? दोघींचंही खरं होतं.

आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि चौकशी केली. जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, १९८३ च्या कायद्यानं. नोंदलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोंदलेल्या एजंटालाही जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. आमच्या एजंटाचं नाव यादीत नव्हतं. त्याला फोन केला तर म्हणाला, तुम्ही बायका कशाला या भानगडीत पडता, मुलीच्या वडिलांना बोलू द्या. वडील आमच्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, बायकांशीच बोला, पैसे त्यांचे आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की सरकार विमानतळावर कागद तपासतंच. पण दहावी पास झालेल्यांच्या पासपोर्टला नोकरीसाठी जाताना इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे शिकलेल्या मुलीचे कागद तपासायचे ते आपणच. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, पकडलं तर गुन्हा तिच्यावर. मार्च २०२५ मधली बातमी तुम्ही ऐकली असेल. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषानं नेलेल्या आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून फसवणुकीची कामं करायला लावलेल्या शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानानं परत आणावं लागलं. ती बातमी आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. एजंटाचे पैसे तिथंच थांबले.

पण मुलीचं स्वप्न थांबवायचं का? तिच्या आईचा प्रश्न वेगळाच होता. पैशापेक्षा त्यांना रात्री झोप लागत नव्हती ती याची, की भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही, अशा मुलखात ही पोरगी उभी राहून शिकवणार कशी?

तेव्हा आम्ही त्यांना फरारबाईंची गोष्ट सांगितली.

सिंथिया फरार. जन्म अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतात, १७९५ चा. १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून जहाजात बसल्या आणि डिसेंबर संपता संपता मुंबईत उतरल्या. वय ३२, लग्न झालेलं नाही, मराठीचा एक शब्द येत नाही. काम काय, तर मिशनच्या मुलींच्या शाळा सांभाळायच्या. त्या काळी मुलीनं अक्षर गिरवलं तर ती विधवा होते असं मानणारी माणसं घरोघर होती. आणि या बाई दारोदार जाऊन म्हणणार, पोरीला शाळेत पाठवा. कुठल्या भाषेत म्हणणार? म्हणून आधी स्वतः मराठी शिकल्या. शाळांत शिकवणंही मराठीतूनच होतं. दहा वर्षांनी तब्येत ढासळली, १८३७ मध्ये मायदेशी गेल्या. तिथंच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८३९ मध्ये परत आल्या, त्या आपल्या नगरला. १८६२ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला तोही नगरलाच.

मधल्या काळात काय झालं ते ऐका. जोतीराव फुले नगरला आले असताना त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. ती पाहून आपण फार खूश झालो, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं आहे. त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. त्यांना शिकवणाऱ्या बाई आपल्या जिल्ह्यात राहत होत्या, हे मात्र आमच्या ११ जणींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

फरारबाई देवमाणूस होत्या असं आम्हाला म्हणायचं नाही. त्या आपला धर्म सांगायला आल्या होत्या, ते त्यांनी लपवलंही नव्हतं. आईबापांना वाटणारी भीती अगदीच खोटी नव्हती. पण अशा संशयातसुद्धा लोक पोरी पाठवत राहिले, म्हणजे त्या वर्गात काहीतरी चांगलं चालत असणार. ताईंना आम्ही एवढंच म्हणालो, की तिकडून बाई आली तेव्हा तिलाही भाषा येत नव्हती. आधी शिकली, मग शिकवलं.

मग ठराव केला. कर्ज ४५ हजार, शेकडा एक रुपयानं, दोन सभासदांची जामीनकी. पहिले १५ हजार शिकण्यासाठी आणि कागदांसाठी. परकीयांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा कोर्स. इंग्रजी ही तिची मातृभाषा नाही म्हणून टोइक नावाची परीक्षा, तिचे गुण तिकडं मागतात. पदवीच्या कागदावर आधी मुंबईहून राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का. उरलेले ३० हजार शाळेचा करार आणि नोकरीचा व्हिसा हातात पाहिल्यावरच, तेही तिकिटासाठी. तिनं शाळांना थेट अर्ज केले. बऱ्याच ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. एकानं व्हिडिओवर चेहरा पाहिला आणि दोन मिनिटांत मुलाखत संपवली. चार महिने गेले. शेवटी एका लहान गावातल्या शाळेनं बोलावलं. तिकडं शाळा मेच्या मध्याला उघडते, तेव्हा ती गेली.

पहिला आठवडा ती फोनवर नुसती रडायची. इथल्या शाळेत बोलायची तसं घडाघडा बोलली, मुलं गप्प. समजलं का विचारलं की सगळी हो म्हणायची. वह्या पाहिल्या तर कोऱ्या. एका पालकानं शाळेत विचारलं, इंग्रजीच्या बाई गोऱ्या कशा नाहीत? हे तिनं आईला सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं.

मग एक गंमत झाली. तिथं गोऱ्या परदेशी माणसाला ‘फरांग’ म्हणतात, आपल्या फिरंगीसारखंच. आणि पेरूलाही ‘फरांग’च म्हणतात! वर्गात एका मुलानं सांगितलं, बाई, तुम्ही फरांग नाही. हिनं फोनवर आपल्या राहात्याची पेरूची बाग दाखवली, झाडाखाली हिचे आजोबा टोपली घेऊन उभे. म्हणाली, मी फरांगच्याच गावची. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून पेरू, मिरची, वांगं, कोथिंबीर नेलं. तिनं इंग्रजी नाव सांगायचं, मुलांनी त्यांच्या भाषेतलं तिला शिकवायचं. तिचा उच्चार चुकला की मुलं खिदळायची आणि दुरुस्त करायची. बाईच चुकतात म्हटल्यावर मुलांची तोंडं उघडली. आता रोज पहिली पाच मिनिटं बाई विद्यार्थी असतात.

तिकडं शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. शब्द आपल्याच गुरूपासून निघालेला. जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ म्हणून शिक्षकांना वंदन करायचा दिवस असतो. मुलं गुडघ्यावर बसून फुलं देतात. त्यात वांग्याचं फूल असतं आणि दूर्वा असतात. हो, आपल्याच दूर्वा. तिनं फोटो पाठवला, तो आम्ही बैठकीत हातोहात फिरवला. आमच्या सर्वांत म्हाताऱ्या सभासद, ज्या अंगठा उठवतात, त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, तिथं गणपती नसेल तर दूर्वा कशाला? आम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणून रात्री मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, दूर्वा कशाही तुडवल्या तरी पसरत जातात, तसं शिकणं पसरावं म्हणून देतात.

सगळं गोड झालेलं नाही. करार एका वर्षाचा आहे, पुढचं माहीत नाही. जेवणाचे हाल आहेत, आई भाजणी पाठवते तर टपालखर्च भाजणीपेक्षा जास्त होतो. पण पहिला हप्ता या महिन्यात आला, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी.

पुढच्या बैठकीत आमच्याकडे दोन अर्ज आहेत. एक दोन शेळ्यांचा. दुसरा आणखी एका सभासदाच्या मुलीचा, तिला आखातातल्या शाळेत जायचं आहे. तिकडं शिक्षिकेला बी.एड. मागतात, आणि दुबईला जायचं तर पदवीच्या कागदावर परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. ते कागद घेऊन यायला तिला सांगितलं आहे. आणि एजंटाचं नाव असेल तर तेही, आधी यादीत शोधू.