लेसरनंतरचा मोतीबिंदू आणि भिंगाचा नंबर

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती असलेल्या अहवालात दिलाच आहे. त्यातील एका नोंदीविषयी मात्र उभे राहून बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. 'पुनर्शस्त्रक्रिया, संस्थेच्या खर्चाने' अशी ती नोंद आहे. रक्कम लहान आहे. तिच्यामागील चूक लहान नव्हती.

नांदेड जिल्ह्यातील एक शिक्षिका, वय सत्तेचाळीस, मोतीबिंदूसाठी आमच्याकडे आल्या. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. पंधरवड्यानंतर त्यांचे धाकटे बंधू आमच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. "साहेब, ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग अक्काला फळ्यावरचं दिसंना अन् वहीतलंही दिसंना, हे कसं?" तपासणीत अधिक अडीचचा नंबर निघाला. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले, की लग्नापूर्वी, २००३ साली, मोठ्या शहरात जाऊन त्यांनी लेसरने चष्मा घालविला होता. आधी का सांगितले नाही, या प्रश्नावर त्या एवढेच म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही."

ते खरे होते. आमच्या छापील अर्जात मधुमेह होता, रक्तदाब होता, औषधांची यादी होती. लेसरचा प्रश्न नव्हता. तो अर्ज आम्हीच तयार केला होता आणि तो करताना डोळ्यांपुढे शिबिरातील वृद्ध शेतकरी होते. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांच्या शिबिरांनी ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत नेली. त्या रांगेतील आजोबांना लेसरविषयी विचारण्याचे कारणच नव्हते. परंतु नोकरीसाठी किंवा लग्नासाठी चष्मा काढलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. नेत्रवैद्यक आम्हांस डॉक्टरांकडून ऐकूनच ठाऊक. त्यांनी जे समजावले ते असे. मोतीबिंदू काढल्यावर आत बसवावयाच्या भिंगाचा नंबर दोन मापांवरून ठरतो: डोळ्याची लांबी आणि पारपटलाची, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्याची, वक्रता. नेहमीचे यंत्र पारपटलाचा पुढचा पृष्ठभाग तेवढा मोजते आणि मागचा त्याच्या ठराविक प्रमाणात असेल असे गृहीत धरते. उणे नंबरासाठी केलेल्या लेसरने पुढचा पृष्ठभाग सपाट होतो, मागचा तसाच राहतो, आणि ते प्रमाण बिघडते. यंत्र पारपटलाची शक्ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखविते, म्हणून भिंग कमी शक्तीचे निवडले जाते. एवढ्यावर भागत नाही. अनेक प्रचलित सूत्रे सपाट पारपटल पाहून भिंग डोळ्यात अधिक पुढे बसेल असा अंदाज करतात आणि त्याची शक्ती आणखी घटवितात. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर आरंभीची शिल्लकच चुकीची घेतली. पुढील बेरीज बिनचूक असून ताळेबंद जुळणार कसा? (अधिक नंबरासाठी लेसर झाले असल्यास चूक उलट दिशेने होते.)

भिंगाच्या नंबराची ही अडचण मुळापासूनची आहे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी पहिले कृत्रिम भिंग बसविले, तेव्हा त्या रुग्णासही मोठा उणे नंबर राहिला होता.

खरे तर खूण समोर होती. बाईंच्या डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरहून जास्त भरली होती. असा डोळा बहुधा मोठ्या उणे नंबराचा असतो, आणि बाईंना तर दूरचा चष्मा नव्हता! आमच्या तंत्रज्ञाने आकडे अचूक लिहिले; त्यांचा मेळ कोणी घातला नाही.

भिंग बदलण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. अहवालातील नोंद तिचीच. खर्च संस्थेने सोसला, बाईंचा मनस्ताप आम्हांस सोसता आला नाही.

आता अर्जातील पहिलाच प्रश्न लेसरचा आहे. होय असे उत्तर आल्यास डॉक्टर अशा डोळ्यांसाठी केलेली हैगिस-एल, बॅरेट ट्रू-के यांसारखी सूत्रे वापरतात, निरनिराळी उत्तरे ताडून पाहतात आणि थोडा उणे नंबर राहिला तरी चालेल अशा बेताने भिंग निवडतात. तरीही इतर डोळ्यांइतकी खात्री देता येत नाही. हे शस्त्रक्रियेपूर्वीच नातेवाइकांना बसवून सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर सांगितले, तर ती सबब ठरते. पारपटलाचे दोन्ही पृष्ठभाग मोजणारे यंत्र घेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याची किंमत पाहून खजिनदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे आम्ही पाहिले आहे. तरी प्रस्ताव मागे घेतलेला नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एक विनंती. लेसरपूर्वीचे कागद असतील तर ते घेऊन या. जुन्या केंद्राकडून ते मिळतीलच असे नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही आंतररुग्णांची कागदपत्रे तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. कागद नसले तरी ट्रंकेच्या तळाशी जुना चष्मा असतो. त्याच्या काचांचा नंबर आमच्याकडील यंत्रावर दोन मिनिटांत कळतो आणि डॉक्टरांच्या हिशेबाला त्याचा आधार होतो.

त्या शिक्षिकांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात ठरली आहे. पुन्हा आमच्याकडेच करावयाची, असे त्यांनी स्वतः कळविले. गेल्या सोमवारी बंधू माहेरच्या कपाटातील जुना चष्मा रुमालात गुंडाळून घेऊन आले. एक काडी मोडलेली होती, काचा शाबूत होत्या. डाव्या काचेचा नंबर उणे साडेसहा निघाला, आणि तो त्यांच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिला आहे.