तेर : आपल्या पायाखालचा ठेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या गावाचा इतिहास सांगा, असं मंडळानं मला सांगितलं. मी तेर निवडलं. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. ज्वारी, हरभरा, सोयाबीन पिकवणारं. एस.टी.तून उतरलं तर चार गावांसारखंच पाचवं गाव वाटतं.

पण या गावाचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे आणि तिथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते, असं त्यात म्हटलं आहे. तिथून तो माल जहाजानं परदेशी जाई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीतला कापूस सातासमुद्रापार पोचला होता. तो पिकवणारे, कातणारे, विणणारे कोण होते? कष्टकरी माणसंच ना! त्यांची नावं मात्र कुठंच लिहिलेली नाहीत.

त्या काळी तेरला बुद्धधम्म नांदत होता. उत्खननात सातवाहन काळातल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं असून मागच्या बाजूनं अर्धगोल आहे. हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं, असं मत विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी मांडलं. आज तिथं त्रिविक्रमाची पूजा होते. संत गोरोबाकाकाही याच तेरचे. मला यात भांडण दिसत नाही. एकाच मातीत किती पिढ्यांनी काय काय पेरलं, ते दिसतं.

आता माझी एक चूक सांगतो. माझं बालपण त्याच भागात गेलं. पाऊस पडून गेला की पांढरीच्या कडेला रंगीत मणी उघडे पडायचे. आम्ही पोरं ते वेचायचो, गोट्यांसारखे खेळायचो आणि हरवून टाकायचो. मोठी माणसं जुन्या विटा चुलीला लावायची. कुणी अडवलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. आज आठवलं की जीव हळहळतो.

त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ मात्र हेच मणी, खापरं, मातीच्या मूर्ती जपून ठेवत राहिले. लोकांना कचरा वाटला, तो त्यांनी ठेवा मानला. त्या संग्रहातूनच तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळालेल्या मूर्तीशी जुळणारी आहे. पॉम्पेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. यावरून मूर्तीचा काळ ध्यानात घ्या.

बंधू-भगिनींनो, 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला. तेव्हापासून लोक विचारतात, तुमचा इतिहास कुठं आहे? तो अजिंठ्यात आहे तसाच एखाद्या शेताच्या बांधाखालीही आहे. पण आपणच विटा उपसल्या, तर उद्या दाखवणार काय?

म्हणून एवढंच मागतो. सुट्टीत गावी गेलात तर मुलांना तेरचं संग्रहालय दाखवा. नांगराला काही जुनं लागलं तर विकू नका, फोडू नका, तहसील कचेरीत कळवा. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या तोंडून गावाची हकीकत वहीत उतरवून घ्या. मणी हरवला तर एकवेळ दुसरा सापडेल, पण गेलेल्या माणसाची आठवण पुन्हा मिळत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!