जाणत्याची विद्या



चालक मंडळींनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "मी मोंढ्यातल्या हमालांच्या संघटनेचा माणूस. हमालीचे दर, तोलाई, पोत्याचे वजन यांवर म्हणाल तितके बोलेन." त्यावर ते म्हणाले, "ते तर तुम्ही बारा महिने बोलता. आमच्यासाठी दुसरे काही काढा." मग मी आजचा विषय सांगितला आणि ते थोडे बिचकले. जादूटोण्यावर बोलायला वक्ते पुष्कळ मिळतात, पण ते बाहेरून बोलतात. मी आतून बोलणार आहे. शाळेत माझी मजल सातवीपर्यंतच गेली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु मंत्राच्या विद्येत मात्र मी रीतसर गुरू केला, व्रत घेतले आणि अकरा वर्षे ती विद्या चालवली. ती कशी शिकलो, कशी चालवली आणि का सोडली, एवढेच आज सांगायचे आहे.

माझे मामा कयाधूच्या काठच्या एका खेड्यात सालगडी होते. गावात त्यांना 'जाणता' म्हणत. या शब्दांत फरक असतो, तो आधी सांगितला पाहिजे. ज्याच्या अंगात देव येतो आणि जो कौल देतो, तो देवऋषी. जो करणी काढतो, उतारा सांगतो, ताईत बांधतो, तो मांत्रिक. आणि जो फक्त साप-विंचू उतरवतो, जनावराला झाडपाला देतो, तो आमच्याकडे जाणता. मामा या तिसऱ्या जातीचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कोणती वेल कोणत्या बांधावर आहे, हे त्यांना अंधारात सांगता येई.

दिनांक १६ फेब्रुवारी १९८० रोजी, माघ अमावास्येला, सूर्यग्रहण होते. मी दहा वर्षांचा होतो. दुपार ढळली तशी सगळ्या गावाने दारे लावून घेतली. गर्भार बायांना कोपऱ्यात बसवले, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्र ठेवले. मामांनी मला मात्र नदीवर नेले आणि डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे केले. ग्रहणात मंत्र सिद्ध होतो, अशी समजूत. त्यांनी कानात सांगितलेला विंचवाचा मंत्र मी एकशे आठ वेळा म्हटला. थंडीने दात वाजत होते आणि उन्हाचा रंग पितळेसारखा झाला होता. मला खरोखर वाटले, की काहीतरी माझ्या अंगात शिरते आहे.

मंत्रात काय असते, हे पुष्कळांना ऐकायचे असते. त्यात निम्मे मराठी, निम्मे हिंदी, मधेच अर्थ नसलेले शब्द, नाथांची नावे आणि शेवटी गुरूची आण. खेड्यातला जाणता या मंत्रांना शाबरी विद्या म्हणतो आणि तिचे मूळ मच्छिंद्रनाथापाशी नेतो. मालूकवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, रचलेल्या 'नवनाथ भक्तिसारा'त मच्छिंद्रनाथाला ही विद्या कशी मिळाली, याची कथा आहे आणि ती पोथी घरोघर वाचली जाते. पण मूळ त्याहूनही जुने आहे. सापाचे विष उतरवण्याची आणि ताप घालवण्याची सूक्ते अथर्ववेदातच आहेत. तेव्हा, हे अडाण्यांचे खूळ आहे, असे म्हणून शिकलेल्यांनी हात झटकू नयेत. ही आपल्या सगळ्यांची जुनी पुंजी आहे. बरी की वाईट, ते पुढे पाहू.

मंत्राबरोबर मामांनी चार नियम घातले. मंत्र कोणाला सांगायचा नाही. सांगितला की त्याची शक्ती जाते. दर ग्रहणाला तो पुन्हा म्हणायचा, नाही तर तो झोपतो. बोलावणे आले की भरल्या ताटावरून उठून जायचे, मग वैरी का असेना. आणि चौथा नियम असा, की पैसा घ्यायचा नाही. मामा म्हणत, "भाच्या, मंतर विकणाराच्या हाताला यश नसतंय. सुपारी दिली तर तीबी घिऊ नको." मी मामांना एका रात्रीत तीन कोस चिखल तुडवत जाताना आणि तिथे पाणीसुद्धा न पिता परत येताना पाहिले आहे.

आता हा मंत्र चालत कसा असे? विंचू चावलेला माणूस यायचा तो हात धरून, कळवळत. त्याला पाटावर बसवायचे. कडुनिंबाचा डहाळा खांद्यापासून खाली बोटांकडे फिरवायचा, ओठांत मंत्र म्हणायचा आणि मधून मधून विचारायचे, "कुठवर आला?" तो म्हणे, "दंडात हाय." थोड्या वेळाने, "कोपरावर आला." मग मनगट, मग बोट. शेवटी डहाळा झाडून टाकायचा. माणूस हसत घरी जाई आणि मी गावात मोठा होई.

पुढे मी वाचले तेव्हा कळले, की बहुतेक विंचवांच्या दंशाची कळ काही तासांत आपली आपणच उतरते. भ्यालेल्या माणसाला कोणी धीर दिला, त्याचे लक्ष कळीच्या वाटेवर गुंतवले, की ती लवकर उतरल्यासारखी वाटते. सापाचेही तेच. आपल्याकडचे पुष्कळसे साप बिनविषारी. जीव घेतात ते मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांनीही चावा घेतला तरी दर वेळी विष सोडलेले असतेच असे नाही. म्हणजे दहा माणसे जाणत्याकडे आली, तर त्यांतली बरीच जण त्याने नुसत्या पाळण्याच्या ओव्या म्हटल्या असत्या तरी वाचलीच असती. वाचलेले गावभर सांगत फिरतात. मेलेला सांगायला येत नाही. मंत्राची कीर्ती या हिशेबावर उभी असते. मामा लबाड नव्हते. त्यांचाही या हिशेबावर विश्वास होता, आणि माझाही.

तो विश्वास १९९१ च्या श्रावणात तुटला. मी तेव्हा मोंढ्यात हमाली करीत होतो. आमच्यातल्याच एका भावाची आठ वर्षांची मुलगी रात्री जमिनीवर निजली होती. मध्यरात्री पोटात दुखते म्हणून ती उठली. अंथरुणात काळे जनावर दिसले. मला उठवून नेले. मी पाहिले तर दंशाची खूण नीट दिसेना, सूज नाही, आग नाही. मी मंत्र म्हटला, डहाळा फिरवला. मुलगी गप्प पडून होती. मी सांगितले, "उतरले. झोपू द्या तिला." दवाखाना मैलभरावर होता, आणि बाप सायकल काढून दारात उभा होता. माझ्या शब्दावर त्याने सायकल परत भिंतीला लावली.

मण्यार अशीच चावते. कळ नाही, सूज नाही. पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटतात, जीभ वळत नाही आणि मग श्वास थांबतो. मला जी झोप वाटली ती झोप नव्हती. उजाडायच्या आत मुलगी गेली. तिच्या बापाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो म्हणाला, "तुम्ही यायचं ते आलात." पैसा न घेणारा, बोलावल्याबरोबर धावणारा जाणता म्हणून त्याने माझ्यावर भरवसा टाकला होता. लबाड मांत्रिकाचा संशय तरी येतो. प्रामाणिक जाणत्याचा येत नाही, म्हणून तो अधिक घातक. हे मी त्या दिवशी शिकलो आणि मंत्र म्हणणे सोडले. नंतर एकदा गावी जाऊन मामांना सांगितले. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग लोकाला दवाखान्यात न्यायाला तरी तूच पळ." ते मी आजपर्यंत करीत आलो आहे.

आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारी बहुतेक शेतात राबणारी आणि भुईवर निजणारी.

आता याच बाबतीतली दुसरी हकीकत ऐका. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक गरीब घरचा मुलगा कष्टाने डॉक्टर झाला. त्यांचे नाव हिंमतराव बावस्कर. ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तिथला लाल विंचू आपल्याकडच्या साध्या विंचवासारखा नाही. तो हृदयावर घाव घालतो आणि त्याने मुले मरत. बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशी बसून रात्र रात्र नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे औषध वापरून पाहिले. त्याने मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मग त्यांनी काय केले? ते कानात सांगितले नाही, की ग्रहणाची वाट पाहिली नाही. 'लॅन्सेट' या विलायतेतल्या नियतकालिकात ते छापून टाकले, म्हणजे कोणीही ते वापरावे आणि चुकत असेल तर चूक काढावी. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. माझा मंत्र दुसऱ्याला सांगितला की मरतो. त्यांचे औषध दुसऱ्याला सांगितले की वाढते. जी विद्या झाकून ठेवावी लागते, तिची चूक कोणालाच काढता येत नाही, आणि चूक निघत नाही म्हणून ती माणसे मारीत राहते.

मंत्र सोडल्यावर बारा वर्षांनी हा विषय पुन्हा माझ्या दारात आला, तो संघटनेच्या कामातून. मराठवाड्यात भानामती माहीत नाही असा माणूस नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात आणि तेलंगणात तिलाच बाणामती म्हणतात. दांडीवरचे लुगडे पेटते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, घरावर दगड पडतात, बाया कुत्र्यासारख्या भुंकतात. २००३ साली आमच्या वस्तीत एका घरात कपडे पेटू लागले. बाहेरगावचा मांत्रिक आला. त्याने पाच हजार रुपये मागितले आणि करणी करणारीचे नाव सांगितले. ती हळद निवडायला येणारी एक विधवा बाई होती. नाव कोणाचे घ्यायचे, हे मांत्रिकाला बरोबर कळते. जिच्यामागे भाऊ नाही, मुलगा नाही, पैका नाही, तिचे घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तिला कोणी पाणी भरू देईना. तिसऱ्या दिवशी तिला वस्तीबाहेर काढायचे ठरले.

मी संघटनेची सभा बोलावली. मंत्र खोटा की खरा, हा वाद काढलाच नाही. मी म्हटले, "मुकादमाने पोत्याचे वजन चुकीचे सांगितले तर आपण काटा मागतो. इथेही काटा लावू. कपडा कधी पेटला, तेव्हा घरात कोण होते, हे आठ दिवस लिहून काढू." दोन वयस्क बायांना त्या घरात बसवले. बाया होत्या तोवर काही पेटले नाही. नोंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, आणि ती म्हणजे घरात नवी सून एकटी असली की कपडा पेटतो. वय सतरा, माहेरी वर्षभर पाठवलेली नाही, सासू सारखी टोचून बोलणारी. तिला बोलायची सोय नव्हती, म्हणून तिने आगकाडीला बोलते केले. अंगावरच्या फुल्यांचे गूढही आमच्या परटाने सोडवले. ज्या बिब्ब्याने तो कपड्यांवर खुणा करतो, त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतो आणि काळा डाग राहतो, एवढेच. आम्ही त्या पोरीचे नाव सभेत घेतले नाही. तिच्या आईबापाला बोलावून घेतले, सासूला समजावले आणि पोरीला दोन महिने माहेरी धाडले. कपडे पेटायचे थांबले. ती विधवा बाई पुढे हळदीच्या कामावरच्या बायांची पुढारी झाली.

तेव्हा आमच्या हाती कायदा नव्हता. आज आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. करणी केली म्हणून एखाद्याचे नाव घेणे, भूत काढतो म्हणून मारहाण करणे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. देवपूजेला, वारीला, भजनाला या कायद्याने हात लावलेला नाही. १९९१ साली हा कायदा असता, तर पहिला आरोपी मी झालो असतो आणि ते योग्यच झाले असते.

पण कायदा गुन्हा झाल्यावर येतो. त्याआधी काय? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात एक जोशी गर्भार शेतकरणीला ग्रहांचे भय घालून लुबाडतो. मला त्यातले सर्वांत आवडते ते शेवटी घडणारे. ती नवराबायको जोश्याला मारायला धावत नाहीत. ती रात्रीच्या शाळेत नाव घालायला निघतात.

मीही त्याच वाटेचा माणूस. म्हणून जाणत्यांची टिंगल करा, असे मी सांगणार नाही. त्यांच्या झाडपाल्याची माहिती लिहून घ्या आणि तपासा. टिकेल ते ठेवा. त्यांचे दोन नियम तर जपण्यासारखे आहेत. बोलावणे आले की उठायचे आणि पैसा घ्यायचा नाही. माझी संघटना त्याच दोन नियमांवर चालते. टाकायचे ते एवढेच : कानात सांगायचे, झाकून ठेवायचे आणि भय घालायचे.

१९८० च्या त्या ग्रहणात मी डोहात उभा होतो, त्याच दुपारी हैदराबादजवळ जपाल-रंगापूरच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून तोच सूर्य पाहत होते. हे मला वीस वर्षांनी कळले. आता आपल्या औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे आपली पोरे नुसती पहारेकरी आणि हमाल म्हणून जाऊ नयेत, एवढी इच्छा आहे. आणि आज घरी गेल्यावर एक करा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचे प्रतिविष असते, ते विचारून दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. ते कोणालाही सांगितले तरी चालते.