सोडलेला मासा परत घेता येत नाही



शाळा सुटली की आपण काल्हेरच्या खाडीवर जायचो. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, बोयटं, चिंबोऱ्या. आठवतंय ना? मागच्या दिवाळीत काकांच्या जाळ्यात मात्र तिलापियाच जास्त दिसला. काका म्हणाले, "खपतो, पण बोयटाचा भाव नाय येत याला."

हा मासा मूळचा आफ्रिकेचा. भारतात 1952 साली आणला. मचूळ पाणी, कमी प्राणवायू, सगळं सोसतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं वाचतात. उल्हास नदीतून सांडपाणी येतं, तिवरं तुटतात, गोदामांसाठी भराव पडतो. अशा पाण्यात आपले मासे कमी होतात आणि हा टिकून राहतो.

एक कबुली देते. घर बदलताना मी मुलाच्या फिशटँकमधला सकर मासा तळ्यात सोडला. जीव वाचवला म्हणून बरं वाटलं. नंतर वाचलं, की दक्षिण अमेरिकेतला हा मासा काठ पोखरतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. प्रोग्रॅममधली चूक मी दुरुस्त करू शकते. तळ्यातली ही चूक कशी दुरुस्त करणार?

म्हणून एवढंच मागणं: नको झालेला मासा दुकानात परत द्या, पाण्यात सोडू नका. आणि उरलेली तिवरं राखा. पुढच्या मेळाव्याला मुलांना घेऊन खाडीवर जाऊ, तेव्हा त्यांनाही निवटी दाखवता यावी.