कोंबडीची संध्याकाळची मूठ



गाईला वैरण लागते, बैलाला पेंड लागते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण कोंबडीचे नाव काढले की आपण म्हणतो, "तिला काय घालायचं? ती आपली उकिरड्यावर चरते!"

चरते हे खरे. किडे, मुंग्या, कोवळे गवत, सांडलेले दाणे, सगळे ती वेचते. म्हणून तर ती पाळायला परवडते. पण खळी उरकली, उन्हाळा लागला, की उकिरडा कोरडा पडतो. किडा नाही, पाला नाही. कोंबडी दिवसभर हिंडते आणि अर्ध्या पोटी खुराड्यात येते. ती अंडे कुठून देणार? अंड्यांवर घरातले तेलमीठ चालते, ते थांबते. मग आपण म्हणतो, "ही म्हातारी झाली, विकून टाका." व्यापारी पडत्या भावात घेऊन जातो.

विकण्याआधी तिला एकदा हातात घ्या. रात्री खुराड्यात ती शांत असते, तेव्हा घ्या. छातीवरून बोट फिरवा. मधले हाड धारेसारखे टोचले आणि बाजूला मांस लागले नाही, तर ती म्हातारी नाही, भुकेली आहे. नाहीतर पोटात जंत आहेत. जंतांचे औषध जनावरांच्या दवाखान्यात विचारा. उलट, हाड सापडतच नसेल, पोटाखाली चरबी लागत असेल, तर दाणा फार झाला. लठ्ठ कोंबडीही अंडी कमी देते. हाड हाताला लागावे, पण टोचू नये.

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. मोकळी चरत असेल तर त्यातले बरेचसे ती स्वतःच मिळवते. वरून आपण ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे एक मूठ द्यावी. ती संध्याकाळी द्यावी. सकाळी दिली तर बाईसाहेब अंगणातच बसून राहतात! संध्याकाळी दिली तर दिवसभर चरतात आणि मुठीच्या ओढीने वेळेवर घरी येतात.

पण नुसती ज्वारी, बाजरी, मका पुरत नाही. धान्याने अंगात ताकद येते. अंड्याला आणि मांसाला डाळ-पेंडीसारखे अन्न लागते. चार मुठी दाण्यात एक मूठ भुईमुगाची पेंड मिसळा. पेंडीला बुरशी आली असेल तर ती फेकून द्या. बुरशीचे विष कोंबडीच्या काळजावर जाते. शेवग्याचा पाला द्या. त्याने बलक चांगला पिवळा होतो. पिल्लांना वाळवी फार आवडते. मडक्यात शेण आणि जुने गोणपाट भरा. वाळवी असेल तिथे थोडे पाणी शिंपडून मडके संध्याकाळी पालथे ठेवा. सकाळी आत वाळवी जमलेली असते. फुकटचा खुराक! मात्र मडके घराच्या लाकडापासून लांब ठेवा. खारट आमटी, लोणचे मात्र घालू नका. जास्त मिठाने कोंबडी मरते.

आता कवचाचे ऐका. कवच चुन्याचे असते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. ते तयार व्हायला २० तासांच्या आसपास लागतात, आणि त्यातले पुष्कळसे काम रात्री चालते. खाण्यातून कॅल्शियम मिळाले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. हाडे ठिसूळ होतात, कवच पातळ येते, अंडे खुराड्यातच फुटते. फुटलेले अंडे एकदा चाखले की ती आपलीच अंडी खायला शिकते. ही खोड मोडणे फार अवघड.

कोकणात शिंपले कुटून द्यावे. देशावर चुनखडीचे बारीक खडे द्यावे. घरातली अंड्याची टरफलेही चालतात. पण ती भाजून अगदी बारीक करा, म्हणजे अंडे ओळखू येणार नाही. हे दाण्यात कालवू नका. वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर जाऊन टिपते. लहान पिल्लांना मात्र ती करवंटी नको, त्यांच्या मूत्रपिंडाला अपाय होतो.

थंडीत दिवस लहान होतो, पिसे गळतात, तेव्हा अंडी कमी येतात. त्यात कोंबडीचा दोष नाही. "अंडं नाही तर दाणा नाही" असे करू नका. नवी पिसे यायलाही खुराक लागतोच.

पाणी पसरट मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा आणि भांडे रोज घासा. तापलेले पाणी कोंबडी नीट पीत नाही. उन्हाळ्यात दुपारी एकदा ते बदलावे.