शपथ आणि शुश्रूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाराणसी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आनंदाचा विषय मांडावा, अशी रीत आहे. आम्ही मात्र आज व्यसनाविषयी, आणि त्यातही व्यसनी माणसाशी बोलणाऱ्या समुपदेशकाच्या शिक्षणाविषयी बोलणार आहोत. गेल्या पन्नास वर्षांत या मंडळाने गणेशोत्सव साजरे केले, नाटके बसविली, हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरे जोडली. परंतु आपल्यातील काही घरांचे दुःख या सभागृहाच्या पायरीपर्यंत कधी आलेच नाही. परप्रांतात चार मराठी घरे, त्यांत आपले हसे होईल, या भीतीने ते दाराआड राहिले. त्या घरांना स्मरून आम्ही हा विषय निवडला आहे.

काशीशी असलेले आपले नाते सांगताना आपण अभिमानाने एकनाथमहाराजांचे नाव घेतो. शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, एकनाथी भागवत याच नगरीत पूर्ण झाले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील ही टीका आहे, आणि त्या स्कंधाच्या अखेरीस यादवकुळाचा नाश येतो. तो नाश कोठे झाला? प्रभासक्षेत्री. तीर्थस्नान झाले होते, दानधर्म झाला होता, प्रत्यक्ष श्रीकृष्ण समीप होते. तरीही मद्य प्याल्यावर भावाने भावावर शस्त्र उचलले. क्षेत्राचे पावित्र्य माणसाला व्यसनापासून आपोआप वाचवीत नाही, याची ही कथा साक्ष देते.

काशीत राहणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. महाशिवरात्रीस आणि होळीस भांग येथे प्रसादासारखी घेतली जाते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, पण भांगेची पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून तिची परवानाधारक दुकाने येथे उघडपणे चालतात. गंगेच्याच काठाने पूर्वेस गेल्यास गाझीपूर लागते. तेथील अफूचा कारखाना १८२० सालापासूनचा, कंपनी सरकारच्या अमदानीतला. आज तो औषधांसाठी काम करतो. परंतु एके काळी बनारसची अफू म्हणून जो माल चीनकडे जात असे, त्याने तेथील असंख्य संसार पोखरले, हा इतिहास आहे.

आता आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे मद्यपान फार वाढले. आम्ही चारसहा वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांना पहाटे घाटावर नेले, ओंजळीत गंगाजल दिले आणि पुन्हा मद्याला शिवणार नाही, अशी शपथ घ्यावयास लावली. "वहिनी, आता काळजी सोडा," असे त्यांच्या पत्नीस सांगून आम्ही समाधानाने घरी परतलो. तिसऱ्या रात्री त्या गृहस्थांचे हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेली जनावरे दिसू लागली, घरची माणसे ओळखू येईनात. शेजारच्या डॉक्टरांनी तत्काळ रुग्णालयात हलविले, म्हणून प्राण वाचले.

दोन महिन्यांनी पिणे पुन्हा सुरू झाले. आम्ही वाट पाहिली, पण ते आमच्याकडे फिरकले नाहीत. पुढे वहिनींनीच सांगितले, "तुम्हां सर्वांसमोर गंगेची शपथ मोडली. आता कोणत्या तोंडाने तुमच्या दारी यायचे, असे म्हणतात." आम्ही त्यांना हात द्यावयास गेलो होतो आणि त्यांची परतण्याची वाटच बंद करून आलो होतो.

या प्रसंगानंतर आम्ही व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणवर्गांत विद्यार्थी म्हणून बसलो. पहिलाच धडा आमच्या चुकीचा निघाला. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याच्या मेंदूने त्या मद्याशी जुळवून घेतलेले असते. ते एकाएकी तोडले की पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा माणसाचे मद्य वैद्याच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. आपले काम कोठे संपते आणि डॉक्टरांचे कोठे सुरू होते, हे ओळखणे ही समुपदेशकाची पहिली पात्रता होय.

दुसरा धडा ऐकण्याचा. कार्यशाळेत तिघांचे गट करतात. एकजण रुग्ण होतो, दुसरा समुपदेशक, तिसरा निरीक्षक. रुग्ण म्हणतो, "घरी बायको सारखी कटकट करते." आपल्यासारख्या सज्जनांच्या तोंडून लगेच निघते, "अहो, ती तुमच्या भल्यासाठीच बोलते ना?" येथे संवाद संपतो, कारण रुग्णाने आपल्याला सासरकडच्या माणसांत बसविलेले असते. शिकलेला समुपदेशक म्हणतो, "घरची बोलणी तुमच्या मनाला लागतात. त्या बोलण्यातले तुम्हांला स्वतःला काय खरे वाटते?" आणि मग तो थांबतो. हे थांबणेच फार कठीण. आमच्या पहिल्या सरावात निरीक्षकाने आमच्या प्रत्येक उपदेशागणिक कागदावर एक रेघ ओढली. दहा मिनिटांत सात रेघा झाल्या. आम्ही हसलो, पण घाटावरची ती पहाट आठवून मनात ओशाळलो.

या पद्धतीमागे अभ्यास आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये तिची पहिली मांडणी केली आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. बदलाची इच्छा रुग्णाच्या मनात कोठेतरी असतेच. बाहेरून दटावले तर तो व्यसनाची बाजू घेऊन भांडतो, आणि आदराने विचारले तर तीच इच्छा त्याच्या तोंडून बाहेर येते, असे तिचे सार सांगता येईल. कोलंबो योजनेने १९७३ मध्ये सुरू केलेल्या अमली पदार्थविषयक कार्यक्रमानेही पुढे समुपदेशकांसाठी रीतसर अभ्यासक्रम तयार केले. चांगुलपणाला शिक्षणाची जोड हवी, हे जगाने अनुभवाने मान्य केले आहे.

आपल्या महाराष्ट्राने तर या कामाचा एक उत्तम वस्तुपाठच घालून दिला. पुण्यात गर्दचे व्यसन तरुण मुलांना गिळू लागले, तेव्हा अनिल अवचट यांनी त्याविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले व त्यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याची धुरा वाहिली ती डॉ. अनिता अवचट यांनी. १९९७ मध्ये त्या गेल्या आणि २०२२ मध्ये अनिल अवचटही गेले. पण काम थांबले नाही. ते थांबले नाही, कारण अनिताताईंनी माणसे घडविली होती. तेथे बरे झालेले कित्येकजण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. ज्याने स्वतः तो अंधार पाहिला, तो नव्याने आलेल्या रुग्णाजवळ बसतो, तेव्हा शब्दांना वेगळे वजन येते. मात्र केवळ अनुभव पुरत नाही; त्यालाही शिकावे लागते, नाहीतर तो आपलीच कहाणी दुसऱ्यावर लादतो. म्हणूनच मुक्तांगणने अनेक वर्षे पश्चिम भारतातील इतर केंद्रांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. व्यसनींच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गट चालतो, हे भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. व्यसन एकाचे असले तरी आजारी सारे घर असते.

तिसरा धडा घसरण्याचा. व्यसन सुटलेला माणूस पुन्हा पितो, तेव्हा आपण म्हणतो, "सगळे पाण्यात गेले." प्रशिक्षित माणूस विचारतो, "त्या दिवशी काय घडले होते? कोण भेटले, कोणता विचार आला?" मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला अधर्मी म्हणत नाही, औषध आणि पथ्य पुन्हा तपासतात. व्यसनातील घसरणही तशीच तपासावयाची असते. आमच्या शपथेत या घसरणीला जागाच नव्हती, आणि म्हणून त्या गृहस्थांना आमच्यात जागा उरली नाही.

शिकलेल्या माणसांची निकड किती, याचे आकडे आहेत. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मद्यामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख होती, आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी अवघ्या एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. जुलै २०२५ मध्ये याच वाराणसीत देशभरातील आध्यात्मिक संस्थांचे तरुण एकत्र जमले व त्यांनी नशामुक्तीसाठी 'काशी घोषणापत्र' स्वीकारले. संकल्पाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु घोषणापत्र वाचून कोणी तरुण आपला हात धरावयास आला, तर त्याच्याशी बोलणारा माणूस तयार हवा.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. आपल्यातील एक स्त्री व एक पुरुष यांना मंडळाच्या खर्चाने रीतसर प्रशिक्षणास पाठवावे, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांना उजळणीस धाडावे. येथे हिंदी आणि भोजपुरीत उपचार मिळतात. पण माणूस आपली लाज मातृभाषेतच मोकळी करतो. दुसरे, सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आणि जवळच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा पत्ता मंडळाच्या सूचनाफलकावर कायम असावा. तिसरे, आपल्या कानावर आलेले आपल्यापाशीच राहील, असा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. जे कायदा रुग्णालयास सांगतो, ते मंडळाने हळदीकुंकवाच्या बैठकीतही पाळावे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. प्रशिक्षणाहून परतल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. शपथेचा शब्दही काढला नाही. "आमचे चुकले," एवढेच म्हणालो आणि चहा घेत बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या याल का?" आम्ही गेलो, अजूनही जातो. मधून मधून ते घसरतात, पण आता घसरले की स्वतः निरोप पाठवितात.

आपल्या मंडळाचे दार असे राहो की ज्याची शपथ मोडली आहे, त्यालाही आत यावेसे वाटेल. एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.