फ्योर्ड आणि पैनगंगेचा चुनखडक



न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ते आनाऊ गावाहून मिलफर्ड साउंडला एक रस्ता जातो. लांबी जेमतेम १२० किलोमीटर. झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनचा माणूस कामासाठी यवतमाळ गाठतो, साधारण तेवढंच अंतर. पण कॅम्परव्हॅनवाले या रस्त्यावर मुक्काम टाकत जातात. गाडीतच पलंग, शेगडी, शौचालय. दमणीत चूल-भांडी घालून जत्रेला निघालेल्या विदर्भाला हा थाट अगदीच परका नाही. गाडी मात्र वाटेल तिथे लावता येत नाही. रात्र ठरलेल्या तळांवरच काढायची. महाराष्ट्रानेही २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झरी-जामणी तालुक्यात अशी गाडी दिसायला अजून अवकाश आहे, ते सोडा.

मिलफर्डच्या वाटेत होमर बोगदा लागतो. १९३५ साली कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन काम सुरू झालं. हिमलोटांनी माणसं नेली, महायुद्धाने काम रखडलं, आणि मोटारी धावू लागल्या त्या १९५४मध्ये. बोगद्यापलीकडे पावसाचं राज्य. मिलफर्डला वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. उभ्या कड्यांवर माती जवळजवळ नाहीच; शेवाळावर रुजलेली झाडं एकमेकांची मुळं धरून तगतात, आणि एक सुटलं की कडाभर जंगल खाली येतं. त्या जंगलातून झिरपलेलं तपकिरी गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगतं, उजेड अडवतं. म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारं काळं पोवळं इथे दहा-बारा मीटरवरच सापडतं.

मिलफर्डची ही दरी बर्फाने कोरलेली. हिमनदी डोंगर खरवडत गेली, पुढे बर्फ वितळला आणि खाचेत समुद्र शिरला. यालाच फ्योर्ड म्हणतात.

हे मुकुटबनला कशाला सांगायचं? तर इथे ज्याचं सिमेंट होतं, त्या पैनगंगा चुनखडकावरूनही हिमनदी गेलेली आहे. चंद्रपूरजवळ, पैनगंगेकाठच्या इरई गावी, भूशास्त्रज्ञ फेडन यांना १८७०च्या दशकात या खडकावर समांतर ओरखडे दिसले. पोटात दगडगोटे घेऊन सरकणाऱ्या बर्फाचे. वय अंदाजे ३० कोटी वर्षं. तेव्हा भारत आणि न्यूझीलंडचा भूभाग एकाच गोंडवन खंडात होता, आणि आपला मुलूख दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. मे महिन्यात वणीच्या बसस्टँडवर उभं राहून हे पटवून घेणं कठीणच!

बर्फ हटल्यावर दलदलीत जंगल माजलं, ग्लोसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडांचं. ते गाळाखाली गाडलं गेलं. वणीच्या खाणींतून आज ट्रक भरभरून निघतो तो कोळसा त्याचाच.